बाप्तिस्म्याचे पाहुणे

केझायाच्या डोक्यावर बिडाची तीन पातेली एकात एक बसवलेली होती, त्यांच्यावर आडवं मुसळ, आणि पाठीवर एक फुगलेली गोणी. रुस्तेनहॉफ मळ्यावरून डोंगर चढून पलीकडे कोलोंबिएला उतरायला तासभर पुरतो. पण त्या रविवारी सकाळी जोथमने आपल्या बायकोला तेवढ्या वाटेत चारदा थांबवलं.

"पातेल्यांचं समजलं," तो म्हणाला. "रोझेटाकडे जेवणावळ आहे, भांडी कमी पडतील. पण मुसळ?"

"तुझ्या बहिणीच्या मुसळाला तडा गेलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"मुसळं काय, सगळ्यांचीच तडकतात."

"आणि गोणीत काय आहे?"

"बायकांचं सामान."

एवढं म्हटलं की जोथम पुढे काही विचारत नाही, हे तिला दहा वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. तो खांदे उडवून चालू लागला. त्यांची आठ वर्षांची मिंटा कधीच पुढे पळाली होती. तिच्या मागोमाग सासूबाई, डॉर्कस. त्रेसष्ट वर्षांचं वय, डोक्याला खळ घातलेला पांढरा फडका, आणि चोळीत, छातीशी, घडी घातलेला परवान्याचा कागद. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावर काय आहे ते तिला पाठ होतं: डॉर्कस, जोथम, केझाया आणि एक मुलगी, भाच्याच्या बाप्तिस्म्यासाठी, सूर्यास्तापर्यंत.

हा कागद मिळणं सोपं नव्हतं. बेट अर्धं फ्रेंचांचं, अर्धं डचांचं. पंधरा दिवसांपूर्वी फ्रेंच बाजूला गुलामगिरी संपली होती. डच बाजूला ती तशीच होती. डोंगर एकच, वारा एकच, शेळ्यासुद्धा दोन्हीकडे चरायच्या. मध्ये ना भिंत ना कुंपण, माथ्यावर फक्त दगडांची एक रास. राशीच्या त्या अंगाला रोझेटा आता स्वतःची होती आणि या अंगाला तिची आई, भाऊ, भावजय मालक ल्यूडर्सची. ल्यूडर्सने त्या दिवसापासून सगळे परवाने बंद केले होते. शेवटी जोथम टोपी हातात घेऊन त्याच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. ल्यूडर्स प्रार्थनामंदिरात पहिल्या बाकावर बसणारा माणूस. बाप्तिस्म्याला नाही कसं म्हणायचं?

"सगळ्यांना परत आणशील?" त्याने विचारलं होतं.

"आणीन, साहेब."

"शब्द?"

"शब्द."

शेजारी उभ्या असलेल्या टॉबिन मुकादमाने मात्र टाक उचलून यादीतलं डॉर्कसच्या भावाचं, प्राइमस मामाचं, नाव खोडलं. म्हातारा इथेच राहू दे. म्हणजे बाकीच्यांना परतायचं लक्षात राहील.

केझायाने हे सगळं ऐकलं होतं, आणि त्याच संध्याकाळी तिने काय करायचं ते ठरवलंही होतं. जोथमला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं असतं तर तो तोंडाने एक अक्षर बोलला नसता, पण त्याच्या चेहऱ्याने सकाळपर्यंत सगळ्या मळ्याला सांगितलं असतं.

माथ्यावर पोचल्यावर मिंटा राशीवरून उडी मारून पलीकडे गेली, खाली वाकली आणि ओरडली, "आई, इथलं गवत आपल्यासारखंच आहे गं!"

"चल पुढे," केझाया म्हणाली. राशीशी तिचा पाय क्षणभर अडखळला. डोक्यावरची पातेली खणखणली. मग ती उतरू लागली.

*

रोझेटाच्या अंगणात दोन चिंचा होत्या आणि त्यांच्याखाली त्या दिवशी वीस माणसं. सायलस नावाचं तिचं दोन महिन्यांचं बाळ डोक्यावर पाणी पडताच इतकं किंचाळलं होतं की पाद्र्याने अर्धा आशीर्वाद आटोपता घेतला. आता ते आजीच्या मांडीवर झोपलं होतं. बोकडाचा रस्सा शिजत होता, तव्यावर पिठाचे गोल जॉनीकेक तळले जात होते, आणि रोझेटाला काय करू नि काय नको असं झालं होतं. आठ वर्षांपूर्वी ल्यूडर्सने तिला डोंगरापलीकडे विकलं. तेव्हापासून आई वर्षातून एकदोनदा भेटायची, तीही प्रार्थनामंदिराच्या दारात, घाईत. आज आई तिच्या चुलीपाशी बसून तिच्या मिठाला नावं ठेवत होती. रोझेटाला याहून मोठं सुख सुचत नव्हतं.

ती घरात आली तर केझाया गोणी रिकामी करत होती. हातोडी निघाली. दिवा निघाला. भोपळ्याच्या बिया, कांबळं, मिंटाचे दोन झगे. मग दोन लोखंडी बिजागऱ्या.

"वहिनी," रोझेटा म्हणाली, "बाप्तिस्म्याला बिजागऱ्या?"

"दार लागेलच ना कुठेतरी."

रोझेटाच्या हातातलं ताट खाली आलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग तोंडावर हात दाबून अशा हसत सुटल्या की दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दादाला माहीत आहे?"

"नाही."

"आईला?"

"सासूबाईंना काय माहीत असतं आणि काय नसतं, ते मला अजून कळलेलं नाही."

"आणि प्राइमस मामा? त्याला तिथे ठेवून..."

"त्याचं मी बघितलंय," केझाया म्हणाली. "तू फक्त जेवण लांबव."

जेवण लांबवायची गरज पडली नाही. सिप्रियन, रोझेटाचा नवरा, दगडी बांध घालणारा, मुळात कमी बोलणारा माणूस. पण सासूसमोर गप्प बसलं तरी पंचाईत, बोललं तरी पंचाईत, म्हणून त्याने त्याला ठाऊक असलेली एकमेव मोठी गोष्ट सांगायला घेतली. मारिगो गावात चर्चच्या पायरीवरून मुक्तीचा हुकूम वाचला गेला तेव्हा तो गर्दीत पहिल्या रांगेत होता.

"सगळं कळलं का तुम्हाला, जावईबापू?" डॉर्कसने विचारलं. "फ्रेंचमध्ये होतं म्हणे."

"सगळं नाही कळलं. पण एक गोष्ट त्यांनी दोनदा वाचली. फ्रेंच जमिनीवर जो गुलाम पाय ठेवील, तो मोकळा. कुठून आला, कुणाचा होता, काही नाही."

जोथमचा घास हातातच राहिला. "इथे जन्मलेला, असं म्हणायचंय तुला."

"पाय ठेवील तो."

"इथे कामाला असलेला."

"पाय ठेवील तो."

"आणि नुसता जेवायला आलेला?"

सिप्रियनने प्रामाणिकपणे विचार केला. "जेवणाचं काही लिहिलेलं नव्हतं, दादा. पण पाय तर ठेवलेत ना तुम्ही."

सगळ्यांनी खाली बघितलं. आपापल्या पायांकडे. मिंटाने तर अंगठा मातीत रुतवून बघितला.

"थांबा," डॉर्कस म्हणाली. "म्हणजे मी सकाळपासून मोकळी आहे?"

"माथ्यावरच्या राशीपासून, आई."

"आणि तुम्ही मला तुरी सोलायला बसवलंत!"

अंगणात एकच हशा पिकला. कुणी मांड्या थोपटल्या, कुणाला ठसका लागला, बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं, तरी हसणं थांबेना. हसला नाही तो फक्त जोथम. आणि हसू ओसरल्यावर केझाया उभी राहिली, झग्याला हात पुसत, अगदी सहज, जणू पाणी आणायला चालली आहे.

"मी परत जाणार नाही," ती म्हणाली. "मिंटाही नाही."

जोथमने ताट बाजूला ठेवलं. "बायकांचं सामान," तो म्हणाला.

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग मला तुझा नकार मोडावा लागला असता. आता नुसतं न सांगता आले."

"मी शब्द दिलाय, केझाया. त्या माणसाने माझ्या एकट्याच्या शब्दावर चार जणांना सोडलं. चाबूक बघून नाही, साखळी लावून नाही. माझ्या शब्दावर."

"शब्द तुझा. पाय माझे."

"आई, तू सांग हिला."

आणि डॉर्कसने खरंच मुलाची बाजू घेतली. रोझेटाला ते अपेक्षित नव्हतं. आई म्हणाली, या वयात जावयाच्या अंगणात पथारी टाकून ती राहणार नाही. तिची कोनफळं लावलेली आहेत, वेल काठीवर चढलेत, ते कोण बघणार? तुमच्या बापाला, कफीला, तिथे पुरलंय. तिची डुकरीण आहे, डचेस, पाच पिल्लांची आई. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे प्राइमस. "माझा लंगडा भाऊ तिथे टॉबिनच्या हाती सोडून मी इथे बोकड खात बसू?"

"कोनफळं!" रोझेटा म्हणाली. तिचा आवाज चढला तो तिलाही ऐकू आला. "आठ वर्षं मी इथे एकटी होते. दोन बाळंतपणं केली. पहिलं पोर गेलं तेव्हा तुला यायला परवाना मिळाला नाही. आणि आज तू माझ्या दारात बसली आहेस, तर तुला कोनफळं आठवतात?"

"रोझे, आईशी असं बोलू नकोस," जोथम म्हणाला.

"तू गप्प बस. तू आणि तुझा शब्द."

"माझ्या घरात भांडण नको," सिप्रियन पुटपुटला.

"जावईबापू, तुम्ही मधे पडू नका," डॉर्कस म्हणाली. "सगळं तुमच्याच फ्रेंचने झालंय."

नेमकं तेव्हा डोंगराच्या बाजूने कुंपणापाशी घुरघुर ऐकू आली. मग एक काठी दिसली, मग काठीमागे टोपी, आणि टोपीखाली घामाने निथळलेला प्राइमस मामा. त्याच्यापुढे, कानाला तुटक्या दोरीचं टोक लटकवत, एक भलीमोठी ठिपक्यांची डुकरीण आणि तिच्यामागे ओळीने पाच पिल्लं.

"रविवारी जनावरं वरच्या कुरणात न्यायची, हा माझा नेम," मामा सगळ्यांना म्हणाला. "आता जनावरांना हद्द कळत नाही, त्याला मी काय करू? टॉबिन जेवून घोरत होता. मी म्हटलं, घोरू दे."

"डचेस!" डॉर्कस ओरडली आणि बाळ रोझेटाच्या हातात कोंबून धावली. तिने डुकरिणीच्या गळ्यात हात टाकले.

"भाऊही आलाय," मामा म्हणाला. "बघायचं असलं तर."

केझायाने एक जॉनीकेक उचलून मामाच्या हातात दिला. "पाच म्हणाला होतात, मामा. मला वाटलं एखादं वाटेत राहील."

"राहिलं होतं. परत जाऊन आणलं. म्हणून उशीर झाला."

डॉर्कसने सुनेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रोझेटाकडे. "कोनफळं राहिलीच," ती म्हणाली, पण आता आवाज तेवढा पक्का नव्हता, आणि ती पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

कुणीतरी व्हायोलिन काढलं. पोरं नाचू लागली. ऊन चिंचेच्या शेंड्यावर सरकलं तेव्हा जोथम उठला, टोपी घातली आणि आईपुढे हात केला. "कागद दे. मी जातो. निदान एक तरी माणूस परत गेला, असं होईल."

 केझायाने पाठ फिरवली आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

*

जोथम वेगाने चढला. चढताना माणूस विचार करत नाही, हे त्याला बरं वाटत होतं. पण राशीपाशी पोचल्यावर पाय आपोआप थांबले.

खाली रुस्तेनहॉफ पसरलं होतं. गुऱ्हाळाची चिमणी, घंटेचा खांब, उसाचे शेवटचे दोन फड अजून उभे, आणि त्यापलीकडे मिठागराचं पांढरं पाणी. त्या चिमणीखाली त्याची वीस वर्षं गेली होती. उकळत्या काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. क्षणभर आधी उतरवला तर साखर बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर जळते. ल्यूडर्स पाहुण्यांना आणून दाखवायचा: हा माझा जोथम. पाहुणे माना डोलवायचे. जोथमलाही बरं वाटायचं, आणि आज पहिल्यांदा, त्या राशीपाशी उभं राहून, त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली.

सगळ्यांना परत आणीन, असा शब्द होता. एकटा गेलो तर तो मोडलाच. मग मी नेमकं काय पाळायला चाललोय?

मागून धापा ऐकू आल्या. आई होती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने झगा वर धरलेला.

"तूही येतेस?" त्याने विचारलं. कुणीतरी बरोबर येतंय या विचाराने त्याला किती हायसं वाटलं ते त्याचं त्यालाच कळलं.

डॉर्कस उत्तर न देता दगडावर बसली. फ्रेंच अंगाच्या दगडावर. श्वास बसेपर्यंत ती खाली बघत राहिली.

"तुझा बाप त्या मोठ्या झाडाखाली आहे ना," ती म्हणाली. "इथून झाडही दिसत नाही धड. माझे डोळे गेलेत."

"आहे तिथेच, आई."

"असू दे. तो कुठे जातोय." मग ती म्हणाली, "रोझेटाला विकायच्या आधी मी ल्यूडर्सकडे गेले होते. तुला माहीत नाही. गुडघ्यावर बसले होते. तो म्हणाला, डॉर्कस, ऊठ. पोरगी घरातच राहील. मी तुला शब्द देतो."

जोथमने डोक्यावरची टोपी काढली.

"हेच शब्द. त्याच व्हरांड्यात. तो सोमवार होता. गुरुवारी तिला नेलं."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू त्या आठवड्यात काहिलीवर होतास. हात थरथरला असता तुझा. उकळत्या पाकाशी थरथरणारा हात मी बघितलाय, तुझ्या बापाचा. मग सांगायचं राहिलंच. एकदा राहिलं की राहतंच."

खालून, कोलोंबिएच्या बाजूने, व्हायोलिन ऐकू येत होतं. वाजवणारा प्राइमस मामा होता हे नक्की, कारण प्रत्येक चौथा सूर चुकत होता.

"तू तर म्हणालीस परत जायचं," जोथम म्हणाला.

"म्हणाले. घाबरले होते. त्रेसष्ट वर्षं एका जागी राहिलेलं माणूस घाबरणार नाही तर काय करील? तुम्ही सगळे मला समजावत बसाल असं वाटलं होतं. कुणी समजावलंच नाही. डुक्कर आणून उभं केलं." ती हसू लागली. "तुझी बायको पोचलेली आहे, जोथम. तिच्याशी भांडू नकोस, हरशील."

"आणि माझा शब्द?"

"तुझा शब्द चांगला आहे. तो मला माहीत आहे, केझायाला माहीत आहे. ज्याला दिलास त्याला त्याचं काय मोल आहे ते बघितलंस. आता मला उठव. चढताना आले, उतरताना गुडघे ऐकणार नाहीत."

त्याने हात दिला. उभी राहिल्यावर तिने हात सोडला नाही. त्याने दुसऱ्या हाताने खिशातला कागद काढला आणि आता याचं काय करायचं अशा चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं.

"दे इकडे," डॉर्कस म्हणाली. "रोझेटाची लाकडं ओली आहेत. पेटवायला होईल."

ते दोघं अंगणात उतरले तेव्हा मिंटाने सगळ्यांत आधी पाहिलं आणि किंकाळी फोडली. केझायाने पातेलं खाली ठेवलं. ती धावली नाही. नवरा समोर येऊन उभा राहीपर्यंत थांबली, आणि मग त्याच्या छातीवर काजळीने काळ्या झालेल्या दोन्ही मुठी एकदाच, जोरात आपटल्या. त्याच्या रविवारच्या सदऱ्यावर दोन काळे डाग उमटले.

"बिजागऱ्या आणल्यास म्हणे," जोथम म्हणाला.

"दोनच मिळाल्या."

"तीन लागतात. बघू." मग तो मामाकडे वळला. "मामा, काहीतरी नाचायचं वाजवा. आणि जमलं तर बरोबर वाजवा."

*

सोमवारी पहाटे रुस्तेनहॉफची घंटा वाऱ्यावर आली, बारीक, पण ओळखीची. रोझेटाच्या अंगणात झोपलेली सगळी माणसं एकदम उठून बसली. जोथम तर उभाच राहिला, टोपी शोधू लागला. मग त्याला आपण कुठे आहोत ते कळलं. तो तसाच उभा राहून घंटा संपेपर्यंत ऐकत राहिला. संपल्यावर तो सिप्रियनच्या चटईवर, चिंचेखाली, पुन्हा आडवा झाला, आणि डॉर्कसच्या देखत त्याला अशी झोप लागली जशी लहानपणी लागायची, तोंड उघडं टाकून.

उजाडल्यावर माणसं येऊ लागली. रुस्तेनहॉफची. आधी तीन, मग पाच, मग आणखी तीन. जोथम परतला नाही म्हटल्यावर रात्रभरात सगळ्या झोपड्यांनी आपापलं ठरवलं होतं. शेवटी आली ती मालकाच्या घरची स्वयंपाकीण, हातात त्याचंच कॉफीचं भांडं.

"साहेबांची न्याहारी?" केझायाने विचारलं.

"अंडी कुठे ठेवलीत ते सांगून आले," ती म्हणाली.

ऊन चांगलं तापल्यावर निरोप आला की माथ्यावर ल्यूडर्स आलाय. डॉर्कसने डोक्याचा फडका सोडून पुन्हा नीट बांधला आणि केझायाला म्हणाली, "चल. मला बोलता येतं, पण तुला ठरवता येतं." सिप्रियन आणि मामा मागे निघाले.

ल्यूडर्स खेचरावर बसून होता, राशीच्या त्या अंगाला. शेजारी टॉबिन मुकादम, कमरेला चाबूक. डॉर्कस कालच्याच दगडावर बसली.

"डॉर्कस," ल्यूडर्स म्हणाला, "हे काय मांडलंय? आमच्या बाजूचा कायदा बदललेला नाही."

"म्हणून तर आम्ही या बाजूला बसलोय, साहेब. मला वर बघून बोलताना मान दुखते."

 ल्यूडर्स खेचरावरून उतरला. मामाने सिप्रियनच्या बरगडीत कोपर मारलं.

"ऊस तोडून पडलाय," ल्यूडर्स म्हणाला. उन्हाने आणि उपाशीपोटी त्याचा चेहरा लाल झाला होता. "रस आंबेल. मिठागर पिकलंय, एक पाऊस पडला की सगळं मीठ पाण्यात. काय पाहिजे तुम्हाला?"

डॉर्कसने सुनेकडे पाहिलं. केझाया पुढे आली. 

"घंटा नको," ती म्हणाली. "आम्हाला सूर्य दिसतो. कामाची मजुरी, दर शनिवारी, हातात. संध्याकाळी आम्ही इथे आमच्या घरी येणार. सासूबाईंची कोनफळं सासूबाईंची. आणि हा," तिने टॉबिनकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी केली, "नको."

टॉबिन खेचराच्या कानांकडे बघू लागला.

"सरकार मला विचारील," ल्यूडर्स म्हणाला.

"त्यांना सांगा, साहेब, तुमची माणसं रोज सकाळी फ्रेंच बाजूने पाहुणी येतात," डॉर्कस म्हणाली.

खाली मळ्यात एकही धूर नव्हता. गुऱ्हाळाचा नाही, स्वयंपाकघराचा नाही. ल्यूडर्सने ते पाहिलं, सगळ्यांनी त्याला ते पाहताना पाहिलं. "बरं," तो शेवटी म्हणाला. "घंटा नको. मजुरी देईन. टॉबिनचं बघतो."

"बघतो नाही," केझाया म्हणाली.

"बरं. टॉबिन नाही." त्याने कपाळ पुसलं. "पण काहिली पेटवायची तर मला जोथम पाहिजे. त्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट. त्याला बोलाव. त्याने माझ्यासमोर सांगू दे."

"आमचं आम्ही सांगितलं," डॉर्कस म्हणाली. "त्याचं तो सांगेल. पण आत्ता तो झोपलाय."

"मग उठव त्याला."

"नाही, साहेब."

"दहा वाजलेत, डॉर्कस!"

"हो ना. मलाही नवल वाटतंय. इतका वेळ झोपलेला मी त्याला कधी बघितला नव्हता."

 ल्यूडर्सने इकडेतिकडे बघितलं, आपल्या बाजूच्या एका काटेरी झुडपाची वीतभर सावली शोधली आणि टोपीने वारा घेत तिथे बसला. टॉबिन जागेवरच उभा होता.

केझाया पळतच उतरली. अंगणात सगळे कुजबुजत बोलत होते. स्वयंपाकिणीने डचेसला आणि पिल्लांना दूर हाकललं होतं, मिंटा झुडपाची फांदी घेऊन बापावरच्या माश्या वारत बसली होती.

"काय झालं?" रोझेटाने ओठांनीच विचारलं.

"सगळं," केझाया म्हणाली. "फक्त याचं राहिलंय."

"उठवू बाबांना?" मिंटाने विचारलं.

"नको."

पण चिंचेची सावली सरकली होती. जोथमच्या चेहऱ्यावर ऊन आलं, त्याने झोपेतच कपाळाला आठी घातली. केझायाने चटईचं एक टोक धरलं, रोझेटाने दुसरं. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली आणि हलकेच, एकेक वीत, त्याला चटईसकट सावलीत ओढून नेलं.